समाजवादात कबड्डीची चढाई होईल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समाजवादाचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. ज्या समाजाला स्पर्धाच नको, तो खेळाचे काय करणार? हारजीत गेली तर कुस्ती, कबड्डी, बुद्धिबळ यांत उरते काय? विचारणारे अनेकदा समाजवादाचे विरोधक असतात, पण चळवळीतली प्रामाणिक माणसेही याच ठिकाणी अडखळतात. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

मुळात 'स्पर्धा' हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींना वापरतो आणि तिथेच घोटाळा होतो. बाजारातल्या स्पर्धेत समोरचा संपला तर जिंकणाऱ्याचे भलेच होते. शेजारचा कारखाना बंद पडला की याचा माल जास्त खपतो, आणि तिकडच्या कामगाराच्या घरी चूल पेटत नाही. खेळात समोरचा संघ संपला तर आपलाही खेळ संपतो. चढाई करायची कुणावर? हरलेला संघ उद्या पुन्हा मैदानात उतरला पाहिजे, शिवाय तो आजच्यापेक्षा तयार होऊन आला पाहिजे, तरच जिंकणाऱ्याच्या खेळाला धार येते. समाजवादाचे भांडण पहिल्या स्पर्धेशी आहे. दुसरीशी भांडण उकरून काढायचा प्रयत्न इतिहासात झाला, आणि तो फसला.

दुसरा मुद्दा आपल्या कबड्डीतूनच समजतो. जुन्या लोकांना तिचे तीन प्रकार ठाऊक आहेत. संजीवनीत बाद झालेला गडी, आपल्या संघाने समोरचा गडी टिपला की पुन्हा आत येतो. गामिनीत एकदा बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमरमध्ये बाद झालेला गडीही मैदानातच राहतो, फक्त गुण नोंदला जातो. खेळ तोच, दमही तोच, हिशेब मात्र तीन तऱ्हेचा, आणि हिशेब बदलला की खेळाचा स्वभावच बदलतो. गामिनीत कच्चा गडी पहिल्या दोन मिनिटांत बाहेर गेला की उरलेला सगळा वेळ रेषेबाहेर बसून काढतो, त्याला शिकायला मिळत नाही. अमरमध्ये तो पूर्ण वेळ खेळतो, पण चढाईपटू त्यालाच हेरून पुन्हा पुन्हा त्याच्याच अंगावर जातो आणि सोपे गुण लुटतो. संजीवनीत एकाची पकड दुसऱ्याला जीवदान देते, म्हणून कोपऱ्यातला गडी घोट्याची पकड करताना बाहेर बसलेल्या सोबत्यासाठीही झुंजत असतो. आजची नियमबद्ध कबड्डी याच तत्त्वावर उभी आहे. चुरस तिन्ही प्रकारांत आहे. चुरस ठेवायची की नाही, हा वादच नव्हे. गुण कशाला द्यायचे आणि त्या गुणांवर मैदानाबाहेर काय टांगायचे, हा खरा वाद आहे.

आता प्रत्यक्षात काय घडले ते पाहू.

क्रांतीनंतरच्या रशियात १९२० च्या दशकात हा वाद भरात होता. एक गट आरोग्यवाद्यांचा. त्यांच्या मते मुष्टियुद्ध, वजन उचलणे असले प्रकार शरीराला घातक आणि विक्रमांचा ध्यास तर त्याहून वाईट; माणसाने पोहावे, वल्हवावे, पळावे, तेही स्वतःच्याच मागच्या वेळेशी तुलना करत. लेनिनग्राडमध्ये १९२५ साली मुष्टियुद्धावर बंदीही आली. दुसरा गट प्रोलेतकुल्तचा, म्हणजे कामगारांची स्वतःची नवी संस्कृती घडवू पाहणाऱ्या चळवळीचा. त्यांना फुटबॉल, टेनिस हे भांडवलदारांचे खेळच नको होते, त्यांनी नवे सामूहिक खेळ रचले. 'साम्राज्यवाद्यांपासून सुटका', 'सरहद्दीपलीकडे क्रांतिकारी साहित्य चोरून नेणे' अशी त्यांची नावे. १९२४ साली मॉस्कोच्या स्पॅरो टेकड्यांवर 'हिंदी, ब्रिटिश आणि लाल' असा एक भव्य सामूहिक खेळही झाला. आपल्या स्वातंत्र्यलढ्याचे पडसाद तिथवर पोचले होते. हे खेळ टिकले नाहीत. कोण जिंकणार हे नावातच ठरलेले असेल तर तो देखावा होतो, खेळ होत नाही. त्याच वेळी कारखान्यांची पोरे मोकळ्या जागेत फुटबॉल खेळतच होती. आरोग्यमंत्री सेमाश्को यांनी लोकांना शारीरिक शिक्षणाकडे ओढून आणणारे साधन म्हणून सामन्यांची बाजू घेतली. १९२५ च्या जुलैत पक्षाचा ठराव झाला आणि सामने मान्य झाले.

बुद्धिबळाचे उदाहरण तर फार बोलके आहे. १९२५ साली मॉस्कोत सरकारने स्वतःच्या खर्चाने आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरवली. बोगोल्युबोव पहिला, लास्कर दुसरा, तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका तिसरा. त्याच दिवसांत कापाब्लांकाने लेनिनग्राडमध्ये एकाच वेळी अनेक पटांवर खेळून दाखवले. त्यांतल्या एका पटावर चौदा वर्षांच्या बोत्विनिकने त्याला हरवले, आणि १९४८ साली तोच बोत्विनिक जगज्जेता झाला. हे एका प्रतिभेचे काम नव्हे. कारखान्यांत, शाळांत, पायोनियर या बालसंघटनेच्या वाड्यांत पट, घड्याळे आणि शिकवणारा माणूस फुकट मिळत होता, त्यातून पिढ्या घडल्या. जॉर्जियासारख्या छोट्या प्रजासत्ताकाने नोना गाप्रिंदाश्विली आणि माया चिबुर्दानिद्झे या दोन महिला जगज्जेत्या दिल्या. १९६२ ते १९९१ पर्यंत किताब या दोघींकडेच होता. आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ चा महिला विश्वचषक जिंकला तो त्याच जॉर्जियात, बातुमीला.

चुरशीला सोविएत समाजात जागा नव्हती असे ज्यांना वाटते, त्यांनी १९३९ ची सोविएत चषक स्पर्धा आठवावी. उपांत्य सामन्यात मॉस्कोच्या स्पार्ताकने तिबिलिसीच्या दिनामोला १-० ने हरवले, मग अंतिम सामना ३-१ ने जिंकून चषकही घेतला. त्यानंतर उपांत्य सामना पुन्हा खेळवायचा हुकूम निघाला! अंतिम सामना होऊन गेल्यावर उपांत्य सामना. दिनामो हा सुरक्षा पोलिसांचा संघ आणि त्या खात्याचा प्रमुख बेरिया. स्पार्ताक पुन्हा खेळले, ३-२ ने पुन्हा जिंकले. १९४२ साली स्पार्ताकचे संस्थापक निकोलाय स्तारोस्तिन यांना अटक झाली आणि पुढची वर्षे छावण्यांत गेली. लोक स्पार्ताकवर जीव टाकत, कारण पोलिसांच्या संघासमोर तो आपला वाटे. दडपशाहीच्या काळातही मैदानातला निकाल खरा असावा ही लोकांची भूक मेली नव्हती. हरलेला संघ बड्या खात्याचा आहे म्हणून निकाल फिरवणे, हा खेळाचा खरा शत्रू. तो भांडवलशाहीत पैशाच्या वाटेने येतो, तिथे खुर्चीच्या वाटेने आला.

११ मार्च १९३१ पासून सुरू झालेल्या 'श्रम आणि संरक्षणासाठी सज्ज' या बिल्ल्याची योजना नीट पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यात हिशेबाची वेगळी रीत होती. पहिल्या पायरीत २१ कसोट्या, त्यांतल्या १५ प्रत्यक्ष करून दाखवायच्या. १००, ५०० व १००० मीटर धावणे, लांब व उंच उडी, हातबाँब फेकणे, दांड्याला लटकून अंग वर ओढणे, दोर किंवा खांब चढणे, पोहणे, एक किलोमीटर वल्हवणे, बर्फावर स्की, घोडेस्वारी. शिवाय ३२ किलोची काडतुसांची पेटी उचलून न थांबता ५० मीटर नेणे, आणि विषारी वायूचा मुखवटा चढवून एक किलोमीटर जाणे. यात पहिला-दुसरा कुणी नाही. ठरलेली मर्यादा गाठली की बिल्ला, मग शेजाऱ्यानेही गाठली तरी तुमचे काही कमी होत नाही. बायका, मध्यमवयीन कामगार, खेड्यातली माणसे पहिल्यांदाच वेळ मोजून धावली ती यामुळे. हे मोठे काम होते आणि ते मान्य केले पाहिजे.

पण बिघाड कुठे झाला? कोणत्या कारखान्याने किती बिल्ले मिळवले याचा आकडा वरून मागितला जाऊ लागला. आकडा हेच उद्दिष्ट झाले की कसोटी घेण्यापेक्षा कागद भरणे सोपे पडते. न धावलेल्यांची वेळ लिहिली गेली. आणि कसोट्यांच्या यादीवर युद्धाची सावली पहिल्यापासून होतीच; हातबाँब आणि मुखवटा हे खेळाच्या आनंदातून आलेले नाहीत.

याच काळात युरोपातल्या कामगार चळवळीने, हातात सत्ता नसताना, काही जास्त निरोगी करून दाखवले. जुलै १९२५ मध्ये फ्रँकफर्टला कामगार ऑलिंपियाड झाले. राष्ट्रध्वज नाहीत, सगळे लाल निशाणाखाली. राष्ट्रगीतांच्या जागी 'इंटरनॅशनल' हे कामगार चळवळीचे गीत. घोषणा 'पुन्हा युद्ध नको'. पहिले महायुद्ध संपून सातच वर्षे झाली होती, खंदकांत एकमेकांवर गोळ्या झाडलेल्या देशांचे कामगार तिथे रिले धावले. आणि ढिले धावले नाहीत. जर्मन महिलांच्या संघाने १०० मीटरच्या रिलेचा जागतिक विक्रम मोडला. १९३१ चे ऑलिंपियाड व्हिएन्नात झाले. तिथल्या समाजवादी नगरपालिकेने त्यासाठी प्राटर स्टेडियम बांधले, ते आजही उभे आहे. सामूहिक कवायती, सर्वांसाठी खुले सामने आणि कसलेल्या खेळाडूंच्या शर्यती एकाच कार्यक्रमात असत. १९३६ साली हिटलरच्या बर्लिन ऑलिंपिकला पर्याय म्हणून बार्सिलोनात लोकऑलिंपियाड भरणार होते, १९ जुलैला उद्घाटन. आदल्याच दिवसांत स्पेनच्या सरकारविरुद्ध जनरल फ्रँकोचे लष्करी बंड झाले, स्पर्धा झालीच नाही, आणि जमलेल्या खेळाडूंपैकी काही जण परत न जाता लोकसेनेत लढायला थांबले.

एक खंत इथेच नोंदवतो. सोविएत खेळाडूंना फ्रँकफर्टला बोलावले नव्हते, कारण समाजवाद्यांची आणि कम्युनिस्टांची आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटना वेगवेगळी होती. मॉस्कोने १९२८ साली 'स्पार्ताकियाड' हा आपला वेगळा क्रीडामहोत्सव भरवला. १९३३ मध्ये हिटलरने जर्मनीतल्या दोघांच्याही संघटना एकाच फटक्यात मोडल्या.

सगळ्यात कडू प्रकरण पूर्व जर्मनीचे, आणि समाजवादाच्या बाजूने बोलणाऱ्याने ते टाळू नये. जेमतेम एक कोटी सत्तर लाख लोकांचा देश. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये त्याने ४० सुवर्णपदके घेतली, अमेरिकेपेक्षा सहा जास्त. महिलांच्या जलतरणातली १३ पैकी ११ सुवर्णपदके त्यांची. शाळकरी मुलांची मोजमापे घेऊन निवड, खास क्रीडाशाळा, शिकलेले प्रशिक्षक, हे सगळे खरे आहे. पण १९६९ साली पक्षाच्या पॉलिटब्यूरोने खेळांची दोन गटांत विभागणी केली. पहिल्या गटाला पैसा, परदेशी स्पर्धा, सर्व काही. दुसऱ्या गटात हॉकी, बास्केटबॉल, वॉटरपोलो गेले. कारण काय? बारा खेळाडूंचा बास्केटबॉल संघ सांभाळायचा आणि पदक एकच. एकटी जलतरणपटू एका ऑलिंपिकमध्ये तीन-चार पदके आणू शकते. लोकांना कोणता खेळ आवडतो, हे कुणी विचारले नाही. ही विचारसरणी कारखानदाराची आहे: दर पदकामागे खर्च किती.

ती तिथेच थांबली नाही. १९७४ पासून 'राज्य योजना विषय १४.२५' या नावाखाली उत्तेजक द्रव्यांचे काम सरकारी पातळीवर चालले. मुख्य औषध ओरल-टुरिनाबोल, पुरुषी संप्रेरकासारखे काम करणारे स्टेरॉइड. अनेक अल्पवयीन मुलींना ते जीवनसत्त्वाची गोळी म्हणून दिले गेले. आवाज घोगरा होणे, अंगावर केस, पाळी बिघडणे, यकृताचे विकार, असे परिणाम झाले. तेव्हा हायडी या नावाने खेळणारे आंद्रेयास क्रीगर १९८६ साली महिलांच्या गोळाफेकीत युरोपचे विजेते झाले. सोळाव्या वर्षापासून त्यांना या गोळ्या दिल्या जात होत्या. देश नाहीसा झाल्यावर, २००० साली बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड आणि वैद्यकीय अधिकारी मानफ्रेड ह्योप्नर यांना दोषी ठरवले. शिक्षा मात्र दोघांच्याही स्थगित राहिल्या. आम्हाला हे वाचताना राग येतो, आणि यावा. कामगारांच्या राज्यात खेळणाऱ्या मुलीचे शरीर हे कच्चा माल झाले होते. तिथे ना खेळाडूंची स्वतःची संघटना होती, ना 'ही गोळी कसली' असे विचारण्याचा अधिकार.

क्यूबाने पैशाचा प्रश्न थेट हाताळला. १९६१ साली 'इंदेर' ही क्रीडासंस्था स्थापन झाली, १९६२ साली धंदेवाईक खेळ बंद केला, १९६७ पासून स्टेडियमचे तिकीट उठवले. बेसबॉल आटला नाही, मुष्टियुद्धही आटले नाही. तेओफिलो स्तिव्हनसनने १९७२, १९७६, १९८० अशी तीन हेवीवेट सुवर्णपदके घेतली आणि मुहम्मद अली या धंदेवाईक मुष्टियोद्ध्याविरुद्ध लढण्यासाठी आलेला लाखो डॉलरचा प्रस्ताव नाकारला. १९७६ ला आल्बेर्तो हुआंतोरेनाने ४०० आणि ८०० मीटर दोन्ही जिंकले. १९९२ मध्ये या छोट्या बेटाची १४ सुवर्णपदके झाली. पैशाची लालूच नसेल तर माणूस जीव तोडून खेळत नाही, या समजुतीला यापेक्षा सरळ उत्तर नाही. उणीवही सांगतो. सोविएत मदत संपल्यावर टंचाई आली, खेळाडू देश सोडू लागले, आणि २०१३ साली परदेशी संघांशी करार करण्याची मुभा द्यावी लागली. महिलांच्या मुष्टियुद्धाला परवानगी मिळाली ती थेट डिसेंबर २०२२ मध्ये. कुणी काय खेळावे हे वरून ठरत होते.

चीनने सांस्कृतिक क्रांतीत जेतेपदाच्या ध्यासालाच गुन्हा ठरवले. १९५९ साली देशाला टेबल टेनिसचे पहिले जगज्जेतेपद मिळवून देणाऱ्या रोंग गुओतुआनने छळाला कंटाळून १९६८ मध्ये आत्महत्या केली. यावर जास्त काही लिहायला नको.

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आपल्याकडे पाहा. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. हेतू चांगला आणि ते राहिलेच पाहिजे. पण प्रमाणपत्रावर नोकरी टांगली गेली तशी बनावट प्रमाणपत्रे निघाली, वयाचे दाखले बदलले गेले, कधी न खेळलेल्या मुलांची नावे संघात घुसली. सोविएत बिल्ल्यांचे जे झाले तेच. नोकऱ्या इतक्या थोड्या असतील की एका कागदावर आयुष्य ठरते, तिथे तो कागद खोटा होणारच. समाजवादाचा खेळाला पहिला फायदा हाच: भाकरी मैदानावर टांगलेली नसेल, तर मैदानावर फक्त खेळ उरेल.

स्पर्धेची आखणीही आपल्या हातात असते. आठ संघांची बाद पद्धतीने स्पर्धा घ्या: सात सामन्यांत निकाल, पण चार संघ एकेक सामना खेळून घरी. वर्षभर सराव केलेल्या पोरांना चाळीस मिनिटे मिळाली. संयोजकांना ही पद्धत आवडते, कारण दोन संध्याकाळींत आटोपते आणि मंडपाचे भाडे वाचते. पूर्ण साखळी घेतली तर २८ सामने, प्रत्येकाला सात. एका मैदानावर रोज चार सामने धरले तर सात संध्याकाळी लागतात, आणि प्रत्येक सामन्याला सरपंच म्हणजे मुख्य पंच, दोन पंच, गुणलेखक, दोन साहाय्यक गुणलेखक अशी सहा माणसे. ती मिळत नाहीत म्हणून साखळी मोडते. मधला मार्ग असा: चार-चारचे दोन गट, गटात साखळी, म्हणजे १२ सामने, मग पहिला पहिल्याशी, दुसरा दुसऱ्याशी, तिसरा तिसऱ्याशी, चौथा चौथ्याशी. एकूण १६ सामने, चार संध्याकाळी, प्रत्येक संघाला चार सामने, आणि शेवटचा सामना साधारण बरोबरीच्या संघाशी. तळाचा संघही शेवटच्या दिवशी काहीतरी जिंकायला उतरतो.

यात एकच फट आहे. गटातले शेवटचे सामने वेगवेगळ्या वेळी घेतले तर मागून खेळणाऱ्या दोघांना कोणता निकाल दोघांच्याही सोयीचा, ते आधीच कळते. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांनी असाच दोघांच्या सोयीचा निकाल लावून घेतला, तेव्हापासून तिथे गटातले शेवटचे सामने एकाच वेळी घेतात. त्यासाठी शेजारी दुसरे मैदान आखावे लागते. बुद्धिबळात स्विस पद्धत आहेच. शंभर खेळाडू, सात फेऱ्या, कुणी बाद नाही, आणि प्रत्येक फेरीत शक्यतो आपल्याइतकेच गुण असलेला प्रतिस्पर्धी. रोख बक्षिसाऐवजी मंडळाला मॅट, गुडघ्याचे पट्टे, पंचांच्या प्रशिक्षणाचा खर्च द्या. बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणण्याचा मोह आपोआप कमी होतो.

खेळाडूला पूर्ण वेळ खेळू द्यायचे तर त्याला वेतन हवे, कसबी कामगाराला मिळते तसे, दुखापतीची रजा आणि खेळ संपल्यावर दुसरे काम शिकायची सोय धरून. लिलाव नको. लिलावात माणसाची बोली लागते, आणि उरलेल्या शेकडो चांगल्या चढाईपटूंची किंमत शून्य ठरते.

शेवटी जागेचे. गिरणगावात कबड्डी वाढली ती चाळींच्या आणि गिरण्यांच्या मधल्या मोकळ्या जागांत, पाळी सुटल्यावर. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियम ५८ नुसार गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग शहराच्या मोकळ्या जागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाच्या घरांसाठी आणि उरलेला मालकांसाठी होता. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा गिरणीच्या आवारातल्या फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरला, २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती उचलून धरली, आणि मैदानांऐवजी मनोरे उभे राहिले. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद असते, म्हणजे १३० चौरस मीटर. जो थोडाफार वाटा महापालिकेच्या ताब्यात आला आहे, त्यात अशी किती मैदाने आखली आणि त्यांतली किती संध्याकाळी कुलपाशिवाय उघडी असतात, याची वॉर्डवार यादी महापालिकेने जाहीर करावी, अशी आमची मागणी आहे.

आपले,
कामगार वस्तीतील एका व्यायामशाळेचे कार्यकर्ते,
परळ, मुंबई